खारपाणपट्ट्यातून पिल्सनर उर्क्वेल

माझा धंदा पाण्याचा. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात आरओचा प्लांट चालवतो. वीस लिटरच्या कॅन भरायच्या आणि घरोघरी, लग्नाच्या मांडवात, बाजाराच्या दिवशी दुकानांवर पोचवायच्या. त्यामुळे पिल्सनर उर्क्वेल ही चेक बियर कशी आहे हे सांगताना मी सुरुवात पाण्यापासूनच करणार. चवीचं पुढे येईलच, आणि ती चवही पाण्याचीच देणगी आहे असं माझं ठाम मत आहे.

आमचा भाग खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातली अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांमधली शेकडो गावं यात मोडतात. जमिनीखालचं पाणी खारं. माझ्या बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले सगळे क्षार, उन्हाळ्यात दोन हजाराच्या वर जातो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. आमच्याकडे या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात तरी दाणा टणकच. माठाला बाहेरून पांढरी पुटं चढतात, गीझरची कॉइल वर्षभर टिकत नाही, आणि किडनीचे आजार हा घरोघरचा विषय आहे. पाण्यातले क्षार म्हणजे काय, हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

बहिणीचा मुलगा चेक देशातल्या ब्रनो शहरात नोकरीला आहे. नाताळच्या सुट्टीत आला तो पिल्सनर उर्क्वेलचे अर्ध्या लिटरचे चार टिन घेऊन. चारच, कारण परदेशातून येणाऱ्या माणसाला दारू, वाइन, बियर सगळं मिळून २ लिटरच आणता येतं. मूर्तिजापूरला गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मामाजी, हे उन्हात नोका ठेवू. आन् बर्फ तं बिलकुल नोका टाकू याच्यात." मग वाटेत मोटरसायकलवर मागे बसून त्याने ही बियर जिथे होते त्या प्लझेन गावाच्या पाण्याचं सांगितलं, आणि मी गाडीचा वेग कमी केला.

प्लझेन हे चेक देशातल्या बोहेमिया प्रांताच्या पश्चिम भागातलं शहर. १२९५ साली राजा दुसरा वेन्सेस्लास याने ते वसवलं आणि तिथल्या नागरिकांना बियर गाळण्याचा हक्कही दिला. बियर तेव्हापासूनची, पण चांगली असेच असं नाही. १८३८ मध्ये ती इतकी बिघडलेली निघाली की लोकांनी ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. त्यानंतर नागरिकांनी एकत्र येऊन नवा कारखाना उभारायचं ठरवलं. मार्टिन स्टेल्झर या वास्तुरचनाकाराने तो बांधला, आणि बव्हेरियातल्या फिल्सहोफेन गावचा योसेफ ग्रोल हा तरुण बियर करायला आणला गेला. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी ग्रोलने पहिला घाणा लावला. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाला, ती बियर लोकांच्या ग्लासात पडली. तेव्हाच्या बहुतेक बियर काळपट नाहीतर गढूळ असायच्या. ही सोनेरी आणि आरपार दिसणारी होती. आज जगात सगळ्यात जास्त खपणारी पिवळी लागर (थंडीत आंबवून मुरवलेली बियर), आपल्या दुकानांतल्या फ्रिजमधली धरून, हिच्याच वंशातली आहे. 'पिल्सनर' हा शब्द ज्या ज्या बाटलीवर छापलेला दिसतो, तो या गावाचा.

ग्रोलकडे चार गोष्टी जमून आल्या. इंग्रजी धर्तीची भट्टी, जिच्यात धूर न लागू देता माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, हलक्या आचेवर वाळवता येत होता, त्यामुळे तो फिका राहिला. थंडीत काम करणारं, तळाशी बसणारं बव्हेरियाचं यीस्ट. बोहेमियातल्याच झातेत्स भागातले हॉप्स, म्हणजे बियरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं. आणि प्लझेनचं पाणी. पहिल्या तीन गोष्टी गाडीत घालून कुठेही नेता येतात. चौथी नेता येत नाही.

त्या पाण्याचे आकडे भाच्याने मोबाईलवर दाखवले तेव्हा मी ते दोनदा वाचले. लिटरला कॅल्शियम दहा मिलिग्रॅमच्या आसपास, बायकार्बोनेट पंधराच्या आसपास, सगळे क्षार मिळूनही पन्नासाच्या आतबाहेर. माझ्या प्लांटमधून मेम्ब्रेन पार करून जे पाणी निघतं ते या मापाचं असतं. त्यासाठी मला हाय प्रेशरचा पंप चालवावा लागतो, विजेचं बिल भरावं लागतं आणि एक लिटर गोडं पाणी काढताना दोन लिटरच्या वर खारं पाणी नालीत सोडावं लागतं. त्या नालीकडे रोज बघताना जीव तुटतो. प्लझेनला हे पाणी जमिनीतूनच तसं येतं. एखाद्या गावाच्या नशिबात काय असावं!

आता हलक्या पाण्याने बियरमध्ये नेमकं काय होतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बार्लीचा माल्ट भरडून गरम पाण्यात कालवतात, म्हणजे त्यातल्या स्टार्चची साखर होते. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर या कालवणाची आम्लता हवी तेवढी वाढत नाही. मग बार्लीच्या टरफलातला तुरटपणा बाहेर येतो, आणि हॉप्सची कडू चव खरखरीत, जिभेला ओरखडे काढणारी होते. जड पाण्याच्या गावांनी यावर आपापले उपाय काढले. म्युनिक आणि डब्लिनला काळपट बियर रुजली, कारण करपवलेला माल्ट स्वतःच आंबट असतो आणि पाण्याचा जोर मोडतो. इंग्लंडातल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, तिथे वेगळ्याच धाटणीची बियर झाली. फिका माल्ट आणि भरपूर हॉप्स एकत्र घालून ते सुखाने नांदवायचे, तर पाणी असं कोरं लागतं. आमच्या बोअरच्या पाण्यात ग्रोलने हाच घाणा लावला असता तर घोटभरही पिववली नसती.

(टीडीएसचा मीटर बियरमध्ये बुडवून पाहिला का, असं गावातल्या पोरांनी विचारलं. त्याने काही कळत नाही. माल्टमधून स्वतःचे क्षार उतरलेले असतात, त्यामुळे मीटर मूळ पाण्याचं सांगत नाही.)

पिण्याकडे येतो.

टिन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. ही बियर सात-आठ अंशांवर प्यायची असते. बर्फासारखी गार केली तर जीभ बधिर होते आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती चवच कळत नाही. आमच्याकडे थंडीचे दिवस होते, शेतात हरभरा घाट्यांवर आलेला. मी दोन ग्लास घेतले, एकाच मापाचे. एक बोअरच्या पाण्याने विसळला, एक प्लांटच्या. दोन्ही उपडे ठेवून वाळू दिले. बोअरच्या पाण्याचा ग्लास वाळला तसा आतून धुरकट झाला, उजेडात धरला की पांढरे ठिपके दिसत होते. मग एकाच टिनमधून दोन्हींत ओतली. धुरकट ग्लासात बुडबुडे आतल्या भिंतीला चिकटून बसले, जागोजागी, आणि फेस मोठ्या मोठ्या फुग्यांचा होऊन लवकर फुटला. दुसऱ्या ग्लासात बुडबुड्यांच्या बारीक सरी तळातून सरळ वर गेल्या आणि वर दोन बोटं जाड, पांढरा, घट्ट फेस बसला. प्रत्येक घोटानंतर त्या फेसाची एकेक कड ग्लासाला लागून राहिली. रिकाम्या ग्लासावर घोट मोजता येत होते. यापुढे चांगली बियर कुणी दिली तर ग्लास आधी गोड्या पाण्याने विसळा, साबणाचा अंशही ठेवू नका. खारपाणपट्ट्यात तर हे विसरूच नका.

चेक लोक फेसाला फार मानतात. आपल्याकडे ग्लास तिरपा धरून फेस न येऊ देता भरून देतात, कारण गिऱ्हाईकाला फेस म्हणजे फसवणूक वाटते. तिकडे आधी ओला, दाट फेस सोडतात आणि त्याखाली बियर भरतात, म्हणजे वरच्या थराने आतली हवेपासून वाचते. ओतण्याच्या पद्धतीही ठरलेल्या आहेत. ह्लादिंका म्हणजे नेहमीचा ग्लास, वर चांगला जाड फेस. श्नित म्हणजे लहान माप, फेस जास्त. म्लीको म्हणजे जवळजवळ ग्लासभर फेसच, तो एका दमात प्यायचा. भाच्याने म्लीको करून दाखवायचा प्रयत्न केला. टिनमधून ते साधत नाही, त्याला तिकडचा बाजूला फिरणारा नळ लागतो.

वासाबद्दल मी बराच वेळ शब्द शोधत होतो. बायको ग्लास नाकाशी नेऊन लगेच म्हणाली, "अवो, याले तं रोडग्यावानी वास येते. राख झटकल्यावर येते नं, तसा." तिच्यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही. गोवऱ्यांच्या आरातून रोडगा काढला, कापडाने राख पुसली आणि वरचं कवच मोडलं की जो भाजक्या कणकेचा वास येतो, तोच. हा वास येतो त्यामागे मेहनत आहे. प्लझेनच्या कारखान्यात माल्टच्या कालवणातला काही भाग वेगळा काढून तांब्याच्या कढईत, खाली उघडी ज्योत लावून उकळतात आणि परत मुख्य कालवणात मिसळतात. असं एकदा नाही, तीनदा. वेळ आणि इंधन वाचवायला जगातल्या बहुतेक कारखान्यांनी ही रीत सोडून दिली. यांनी सोडली नाही, आणि ते ग्लासात कळतं.

पहिल्या घोटाला आधी गोडसरपणा येतो, अंगाने भरलेला, पाणचट अजिबात नाही. लोण्याचा अगदी पुसट भासही होतो. यीस्टमुळे तयार होणाऱ्या डायअॅसिटिल नावाच्या पदार्थाचा तो वास. दुसऱ्या लागरमध्ये तो दोष धरतात. या बियरमध्ये तो थोडासा असतोच, आणि मला तो आवडला. मग घोट गिळल्यावर कडूपणा येतो. तो जिभेच्या टोकावर नसतो, मागे आणि दोन्ही कडांना असतो. हळूहळू वाढतो, तोंड कोरडं करतो आणि साफ निघून जातो. त्याच्या मागोमाग ओल्या पाल्यासारखा, किंचित मसाल्याचा वास नाकात राहतो. तो झातेत्सच्या हॉप्सचा. या जातीत कडू द्रव्य कमी आणि सुगंध फार, म्हणून हवा तेवढा कडूपणा आणायला हॉप्स भरपूर घालावे लागतात, आणि सुगंधही त्या प्रमाणात उतरतो. झातेत्स आणि तिथल्या हॉप्सच्या मळ्यांचा प्रदेश २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. एका पिकाच्या गावाला असा मान मिळतो हे वाचून शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला बरं वाटतं.

कडूपणा मोजायचं एकक आहे, त्यावर ही चाळीसच्या आसपास बसते. आपल्याकडच्या माइल्ड बियर याच्या पुष्कळ खाली असतात. आपल्या अनेक बियरमध्ये तांदूळ, मका किंवा साखरही असते, त्यामुळे अंग हलकं आणि चव सपाट. हिच्यात धान्य म्हणून फक्त बार्लीचा माल्ट. इतकी कडू असून त्रासदायक होत नाही, याचं श्रेय मी पुन्हा पाण्याला देतो.

अल्कोहोल ४.४ टक्के. इथे आमच्या भागातल्या पिणाऱ्यांशी माझं भांडण आहे. बियर शॉपीत जाणारा दहापैकी नऊ जण 'स्ट्राँग' मागतो, आठ टक्क्यांपर्यंतची, आणि दोन मिनिटांत संपवतो. चव कुणी विचारत नाही. दालमिलवाला मित्र त्या संध्याकाळी आला होता. टिनवरचा आकडा वाचून म्हणाला, "काय जी भाऊ, चार पॉइंट चार? याच्यात तं काहीच नाही. भाचा येवढ्या दूरून हे आनते?" त्याला मी ग्लास दिला आणि गप्पा मारत बसवलं. अर्धा ग्लास गेल्यावर तो स्वतःच म्हणाला, "कडू हाय, पन कडू राह्यत नाही. आनखी घ्यावा वाट्टे." त्या एका वाक्यात या बियरचं सगळं सामर्थ्य आलं. गोडसरपणा बोलावतो, कडूपणा निरोप देतो, आणि तोंड पुन्हा पहिल्यासारखं मोकळं होतं. ४.४ टक्क्यांमुळे माणूस तासभर बसून बोलू शकतो, शुद्धीत जेवतो, सकाळी उठून प्लांट सुरू करतो. ज्यांना फक्त झिंग हवी त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये, त्यांची निराशा होईल आणि बियरही वाया जाईल.

खाण्याचं थोडं जपून. आमची पहिली जोडी चुकीची लागली असं मला वाटतं: वांग्याची झणझणीत भाजी, वर तर्री. बियरमधला वायू आणि कडूपणा दोन्ही मिरचीची आग वाढवतात, दोन घासांनंतर ना भाजी कळली ना बियर. सावजीबरोबरही हेच होणार. तुपात चुरलेला रोडगा आणि साधं वरण मात्र फार छान गेलं, तुपाचा थर कडूपणाने धुऊन निघतो. सगळ्यात उत्तम जुळला तो शेतातून उपटून आणलेला, काडीकचऱ्यावर भाजलेला ओला हरभरा. काळपट घाटे फोडायचे, दोन दाणे, एक घोट. मीठही नको.

टिनमधली आणि तिकडच्या पबमधली बियर एकच नाही, हे मान्य करायला हवं. चेक पबमध्ये ती मोठ्या टाक्यांमधून, पाश्चराइज न केलेली येते, आणि भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे तिचा ताजेपणा टिनमध्ये उतरत नाही. कारखान्याच्या जमिनीखाली सुमारे नऊ किलोमीटर लांबीची तळघरं आहेत. बर्फाची यंत्रं नव्हती तेव्हा बियर तिथे थंडीत मुरायची. आता काम स्टीलच्या टाक्यांत होतं, पण जुन्या पद्धतीने ओकच्या पिंपांत थोडी बियर अजूनही मुरवतात आणि तळघर बघायला येणाऱ्यांना न गाळता तिथेच देतात. कंपनी २०१७ पासून जपानच्या असाहीकडे आहे. मालक बदलले तरी तीनदा उकळण्याची रीत टिकवली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

टिन मिळाला तर घ्या, हिरवी बाटली टाळा. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की एक गंधकाचं संयुग तयार होतं आणि बियरला उग्र दर्प येतो. तपकिरी काच बराच उजेड अडवते, टिन पूर्ण अडवतो. हिरवी काच फारशी अडवत नाही. आमच्याकडे दुकानाच्या दर्शनी फडताळात, ट्यूबलाइटखाली किंवा थेट उन्हाच्या तिरपीत बाटल्या उभ्या असतात. तशी बाटली पिऊन कुणी या बियरबद्दल मत बनवू नये. तारीखही बघा. लागर जुनी झाली की कागदासारखी लागते, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेली तर लवकरच.

वर्ध्याच्या साडूंना यातला एक टिन द्यायची फार इच्छा होती, ते चवीचे माणूस आहेत. जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे त्यांनीच इकडे यावं असं ठरलं. ते आले, शांतपणे प्यायले, आणि पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला. मग त्यांच्यासमोर मी हिशेब मांडला: नागपूर-पुण्यातल्या कुणा मायक्रोब्रुअरीने आरओचं पाणी घेतलं, त्यात चिमूटभर कॅल्शियम परत घातलं, फक्त बार्लीचा माल्ट आणि झातेत्सचे हॉप्स वापरले आणि तीन उकळ्यांचा कंटाळा केला नाही, तर आपल्याकडेही हिच्या जवळपास जाणारी बियर होऊ शकते. पाणी बनवून घेणं आता जगभर चालतं. कुणी मनावर घेतलं तर पाण्याच्या बाजूने जी मदत लागेल ती मी करीन, हे इथे लिहून ठेवतो.

शेवटी एक खबरदारी. चेक बियर म्हणून आपल्या दुकानातली बडवायझर उचलू नका. ती मूळची अमेरिकन, वेगळ्या कंपनीची. चेस्के बुडेयोविट्से या गावातली बुडवार ही निराळी. १८९५ पासूनची, आजही चेक सरकारच्या मालकीची, ५ टक्क्यांची, आणि पाणी तिचंही हलकंच, खोल विहिरींचं. या दोघांमध्ये नावावरून शतकभर खटले चालले आहेत. भाचा दिवाळीला पुन्हा येतोय. दोन लिटरात दोन टिन उर्क्वेलचे आणि दोन बुडवारचे, असं त्याला सांगून ठेवलं आहे. साडूंनाही तारीख कळवली आहे.